'मॅक ५'मधला माख

हायपरसॉनिक क्षेपणास्त्राच्या बातमीत 'मॅक ५', 'मॅक ६' असे आकडे येतात. मॅक हे वेगाचे एकक नाही; आसपासच्या हवेतल्या ध्वनीच्या किती पट वेग, एवढेच तो आकडा सांगतो. जमिनीलगत ध्वनी ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर जातो, ११ किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत सुमारे १,०६०. ध्वनीच्या साधारण पाचपट किंवा अधिक वेग म्हणजे हायपरसॉनिक.

हे नाव अर्न्स्ट माख यांचे. जन्म १८३८, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोजवळ. विषय भौतिकशास्त्र; पण उमेदीच्या काळात व्हिएन्नात वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना ते शिकवीत, त्यामुळे आम्हा डॉक्टरांचाही त्यांच्यावर थोडा हक्क आहे. फिक्या आणि गडद भागांच्या सीमेवर मुळात नसलेली रेघ डोळ्याला दिसते, हे त्यांनी १८६५ मध्ये दाखवले. एक्स-रेवर एका हाडाची कड दुसऱ्यावर आली की अशीच काळी रेघ दिसते आणि नवशिक्याला ती फ्रॅक्चर वाटते. उमेदवारीत मी एक धडधाकट हाड प्लास्टरमध्ये घातले होते, ते याच रेघेमुळे.

रेल्वे वळणावर आली की बाहेरची घरे, झाडे कललेली का दिसतात, हा त्यांचा पुढचा प्रश्न. माणसाला बसवून फिरवता येईल अशी खुर्ची बनवून त्यांनी शोध घेतला आणि तोल आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिका सांभाळतात, या निष्कर्षाला ते पोहोचले. त्याच सुमारास व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर स्वतंत्रपणे तिथेच आले होते.

गोळीकडे ते वळले तेही जखमांमुळे. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात काही जखमा गोळीच्या मानाने फारच मोठ्या होत्या, म्हणून स्फोटक गोळ्यांचा संशय घेतला गेला. गोळीपुढची दाबलेली हवाच हे करत असेल, असेही एक मत होते. ती हवा दिसणार कशी? माख यांच्या सूचनांनुसार पेटर झाल्खर यांनी १८८६ मध्ये फियूमे येथे छायाचित्रे घेतली. ध्वनीहून वेगवान गोळीपुढे, होडीच्या नाळेपुढे उठते तशी, टोकदार लाट त्यांत उमटली.

१८९८ मध्ये रेल्वेप्रवासात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, बुद्धी शाबूत राहिली. डाव्या हाताने टंकयंत्र चालवत ते लिहीत राहिले. १९०५ मध्ये त्यांचा एक मोठा ग्रंथही आला. १९१६ मध्ये म्युनिकजवळ ते वारले, तेव्हा विमाने ताशी अडीचशे किलोमीटरही गाठत नव्हती. त्या गुणोत्तराला त्यांचे नाव दिले स्विस अभियंता आकेरेट यांनी, १९२९ मध्ये.