विश्लेषण : खंड्याचा फोटो काढायचाय? मग आधी सलीम अली समजून घ्या!

पक्ष्यांच्या मागे बंदूक घेऊन लागलेला मुलगा पुढे देशाचा पक्षीपुरुष झाला. आज बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. तरीही त्यांच्या आयुष्यातला एक धडा नदीकाठी बसणाऱ्या प्रत्येक छायाचित्रकाराच्या कामाचा आहे.

बोरगाव मेघे हे वर्धा शहराला अगदी खेटून असलेले गाव. इथून पवनारची धाम नदी दुचाकीवर थोड्याच वेळात गाठता येते. सेलू तालुक्यातला बोर धरणाचा परिसरही सुटीच्या दिवशी जाऊन येण्याजोगा. पाणी आणि काठावर एखादी वाळलेली फांदी असली की तिथे खंड्या, म्हणजेच धीवर, दिसण्याची शक्यता असतेच. निळ्या रंगाचा, लांब चोचीचा हा पक्षी पाण्यात सूर मारतो आणि मासा घेऊन पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतो. नव्याने कॅमेरा घेतलेल्या बहुतेकांना हाच फोटो हवा असतो.

राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिला दिवस विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवलेले मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनाचा, तर शेवटचा दिवस डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनाचा. सलीम अली यांचे नाव सगळ्यांना माहीत असते. पण ते पक्ष्यांपर्यंत कसे पोहोचले आणि खंड्याच्या फोटोशी त्यांचा काय संबंध, हे समजून घेऊ.

सुरुवात एअरगनने कशी झाली?

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या मुलांना सांभाळले. गांधीजींचे निकटचे सहकारी अब्बास तय्यबजी याच घराण्यातले.

मामांना शिकारीचा नाद होता. साहजिकच भाच्याच्या हातीही लहानपणीच एअरगन आली. एके दिवशी त्याने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नाही, एवढे त्याच्या लक्षात आले. मामा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

१८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत तेव्हा गोऱ्या साहेबांचा वावर असे. बिचकतच आत गेलेल्या त्या मुलाला मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, कपाटांचे खण उघडून पेंढा भरून जपलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. एका मारलेल्या चिमणीने मुलाच्या आयुष्याची दिशा ठरवली. पुढे १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्रालाही त्यांनी त्या चिमणीवरूनच नाव दिले.

पदवी नव्हती, मग अभ्यास कसा झाला?

सलीम अली कॉलेजात फार रमले नाहीत. सेंट झेवियर्समधले शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातील तव्हॉय इथे गेले. तिथे कुटुंबाचा वुल्फ्राम खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यात जीव लागला नाही, आसपासच्या रानात मात्र लागला. १९१७ मध्ये ते परतले, व्यापारी कायदा आणि हिशेब शिकले आणि सोबत झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचा अभ्यासही केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी नसल्यामुळे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. पण एवढ्यावर भागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. दोनच वर्षांनी अभ्यासरजा घेऊन त्यांनी बर्लिन गाठले आणि तिथल्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली धडे घेतले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो काय, पैशांअभावी त्यांचे पदच रद्द झालेले!

किहीमच्या शिडीवर काय घडले?

हाताला काम नव्हते. मुंबईत राहण्याचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा अलीबागजवळच्या किहीम इथल्या घरी त्यांनी मुक्काम हलवला. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली यांनी तिथे शिडी उभी केली, तिच्यावर कापडाचा आडोसा केला आणि आत बसून तासन्‌तास घरट्यांकडे पाहू लागले. हा उद्योग अनेक महिने चालला.

त्यातून जे दिसले ते तोवर कोणी नीट नोंदवले नव्हते. सुगरण नर घरटे अर्धे विणतो. मग मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तर ती त्यात राहायला येते आणि नर उरलेले काम पुरे करतो. ती अंड्यांवर बसली की हाच नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि त्यांचे नाव झाले.

मेलेला पक्षी कितीही काळ टेबलावर ठेवला तरी ही माहिती मिळाली नसती. त्यासाठी पक्षी जिवंत हवा होता. शिवाय आपल्याकडे कोणी पाहते आहे, याचा त्याला पत्ता लागायला नको होता. आज पक्षी छायाचित्रकार ज्याला हाइड म्हणतात, तो आडोसा किहीमला हाती कॅमेरा नसताना उभा राहिला होता.

मग त्यांनी बंदूक सोडली का?

नाही, आणि हे लपवण्याचे कारणही नाही. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशा संस्थानांत त्यांनी १९३० च्या दशकात पक्ष्यांची सर्वेक्षणे केली. मानधन नको, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च द्या, अशी त्यांची तयारी असे. तेहमिना सोबत असत आणि तळाची व्यवस्था पाहत. या सर्वेक्षणांत नमुने म्हणून पक्षी मारले जात. अमुक पक्षी अमुक ठिकाणी आढळला, याचा त्या काळी मान्य असलेला पुरावा म्हणजे कातडे जपून ठेवलेला पक्षी. अभ्यासासाठी गरजेपुरते नमुने घेण्याला सलीम अली यांचा विरोध नव्हता.

१९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. सलीम अली बहिणीच्या घरी राहू लागले आणि कामात बुडाले. १९४१ मध्ये रंगीत चित्रांसह भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. त्याची एक प्रत तुरुंगातून पंडित नेहरूंनी कन्या इंदिरा यांना पाठवली होती. सामान्य वाचकाला घराबाहेरचा पक्षी न मारता ओळखता यावा, ही सोय या पुस्तकाने केली. १९५९ पासून सोसायटीने स्थलांतराच्या अभ्यासासाठी हजारो पक्ष्यांच्या पायात कडी घालून ते सोडून दिले. हे कामही त्यांच्याच पुढाकाराने झाले.

या वाटचालीत कॅमेरा कधी आला?

दुसऱ्या महायुद्धात. सिंगापूरचे तरुण उद्योजक लोक वान थो फेब्रुवारी १९४२ मध्ये शहर सोडून निघाले. वाटेत त्यांच्या जहाजावर बॉम्ब पडला. ते भाजले, काही काळ दृष्टीही गेली. यातून वाचून ते भारतात आले आणि मुंबईत त्यांची सलीम अली यांच्याशी गाठ पडली. मोहिमांवर एक जण वही-दुर्बीण घेऊन, तर दुसरा कॅमेरा घेऊन असे. युद्ध संपल्यावरही लोक येत राहिले आणि सलीम अली यांच्या कामाला पैशांचे बळ देत राहिले. त्यांच्या पक्षी-छायाचित्रांचे पुस्तक १९५७ मध्ये निघाले. १९६४ मध्ये तैवानमधील विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

त्या काळच्या रंगीत फिल्मला भरपूर प्रकाश लागे आणि लांब पल्ल्याच्या भिंगांची चंगळ नव्हती. पक्ष्याच्या जवळ जाण्यावाचून इलाज नसे. पक्षी हमखास परत येतो ते ठिकाण म्हणजे घरटे. त्यामुळे आडोसा घरट्याजवळ उभारला जाई. तो एका दिवसात उभा न करता थोडा थोडा पुढे सरकवायचा, म्हणजे पक्षी बुजत नाही, ही त्या काळातल्या चांगल्या छायाचित्रकारांची रीत होती.

आता तंत्र कुठे पोहोचले आहे?

साधे गणित करू. सूर मारणारा खंड्या सेकंदाला १० मीटर वेगाने खाली येतो असे समजा. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढे उघडे राहिले, तर तेवढ्यात तो २ सेंटिमीटर सरकतो आणि फोटो पुसट येतो. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेले, तर हेच अंतर ५ मिलिमीटर होते. आजचे साधे डिजिटल कॅमेरेही हे करू शकतात. लांब भिंगामुळे दुसऱ्या काठावरून फोटो मिळतो. म्हणजे घरट्याजवळ जाण्याची जी तांत्रिक अडचण होती, ती आता राहिलेली नाही. तरीही कोणी जवळ जात असेल, तर ती हौस झाली.

खंड्याच्या बाबतीत जवळ जाणे घातक का?

खंड्या झाडावर घरटे बांधत नाही. नर-मादी मिळून नदीच्या किंवा नाल्याच्या उभ्या मातीच्या दरडीत बीळ खोदतात. छोट्या खंड्याची जोडी साधारण तीन आठवडे अंडी उबवते आणि त्यानंतर पिले आणखी तीन-चार आठवडे आतच असतात. बिळाला तोंड एकच. त्या तोंडासमोर माणूस बसला की आई-बापाची वाट बंद आणि पिले उपाशी. दरडीच्या माथ्यावर उभे राहिल्यास भुसभुशीत माती ढासळण्याचाही धोका असतो.

एक खूण मात्र प्रत्येकाला वाचता येते. खंड्या स्वतःसाठी मासा गिळताना आधी डोके घशात घालतो. पिलाला किंवा जोडीदाराला भरवायचा असेल तर माशाचे डोके चोचीतून बाहेरच्या बाजूला ठेवून धरतो. म्हणजे असा मासा धरून तो फांदीवर बराच वेळ बसून असेल आणि बिळाकडे जात नसेल, तर वाटेत आपण आहोत असे समजावे. फोटोसाठी ती वेळ उत्तम वाटते. पण तेव्हाच कॅमेरा उचलून मागे फिरायचे असते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात मारणे आणि पकडणे आहेच, शिवाय वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणेही आहे. हातात बंदूक नसली तरी घरट्याशी खेळणारा माणूस कायद्याच्या भाषेत शिकारीच्या जवळ जातो. बिळाच्या तोंडाशी काठी रोवून पक्ष्याला तिथेच बसायला लावणे किंवा चांगल्या उजेडासाठी समोरची झुडपे तोडणे, हे करण्याआधी ही व्याख्या आठवलेली बरी.

सलीम अलींकडून नेमके काय घ्यायचे?

डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा १० खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण केला. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व त्यांना मिळाले. १९८७ मध्ये मुंबईत, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. छत्रपती संभाजीनगरमधील तलावाला आज त्यांचे नाव आहे.

त्यांच्या काळी मारलेला पक्षी हा पुरावा होता. आज तारीख आणि ठिकाण लिहिलेला फोटो अनेकदा तेच काम करतो, आणि पक्षी उडून जातो. बोरगाव मेघेच्या एखाद्या मुलाने धाम नदीवर काढलेला खंड्याचा साधा, थोडा लांबून आलेला फोटोही म्हणून मोलाचा आहे. मात्र कुठे, कधी आणि तो काय करत होता, ही नोंद सोबत हवी. घरट्याचा नेमका पत्ता तेवढा समाजमाध्यमांवर टाकू नये.

किहीमच्या शिडीवर सलीम अली महिनोन्‌महिने बसले, तेव्हा सुगरणींनी आपले विणकाम थांबवले नाही. म्हणूनच त्यांना ते पाहता आले. नदीकाठी फोटो काढून उठताना एवढेच तपासावे, आपण आल्यापासून खंड्याचे बिळात येणे-जाणे चालू होते ना?