मजूरमंत्री बाबासाहेब आणि कामगाराचे आजारपण

राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना ठाऊक आहेत. भाईंदर पूर्वेच्या स्टील कारखान्यातल्या बिहारी किंवा नेपाळी कामगाराला ज्या ‘ईएसआय’ योजनेत उपचार मिळतात, तिच्या पायाभरणीतही त्यांचा वाटा आहे. ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्यांचे घरही स्थलांतरितांचेच. जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूचा, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोली, सातारा असे करत मुंबईच्या गिरणगावात आले. पुढे बाबासाहेबांचा संसार परळच्या बीआयटी चाळीत, कामगारांच्या शेजारात झाला. पाचपैकी चार मुले लहानपणीच दगावली. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. रमाबाईही दीर्घ आजारानंतर १९३५ मध्ये गेल्या. बॅरिस्टरच्या घरची ही गत, तर गिरणीतल्या बदली कामगाराच्या घरी काय होत असेल!

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. पुढच्याच वर्षी कायदा झाला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादला जाऊन ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. त्याच वर्षी त्यांच्या खात्याने प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले. अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला. विधेयक सभागृहात पोहोचेपर्यंत बाबासाहेबांनी ते खाते सोडले होते, त्यामुळे सारे श्रेय त्यांना एकट्याला देणे बरोबर नाही. कायदा १९४८ मध्ये झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा मधुमेहाने खंगत चालले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

वैद्यकीयदृष्ट्या या योजनेचे मोठेपण असे की ती औषधाबरोबर बुडालेल्या मजुरीचाही विचार करते. क्षयरोग्याला नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. घरी चूल पेटली नाही, तर तो उपचार अर्धवट टाकून कामावर जातो.

दुसरी गोष्ट पात्रतेची. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी राज्यातली शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला लागतो. हा दाखला साधारण पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. बिहारचा माणूस गावाकडचे आयुष्मान कार्ड इथे वापरू शकतो. १९५० च्या करारानुसार व्हिसाविना कायदेशीर राहणाऱ्या नेपाळ्याकडे यातले काहीच नसते. १९४८ च्या कायद्याने मात्र मजुरीवर राबणारी कोणतीही व्यक्ती कामगार मानली, तिच्या नागरिकत्वाची अट घातली नाही.

अडते ते दुसरीकडे. योजना दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे; वेतनाची मर्यादा दरमहा २१,००० रुपये. कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. नऊ जणांचा गाळा, ठेकेदाराने नोंदवलेलाच नाही असा मजूर, सोसायटीने थेट ठेवलेला रखवालदार, हे सारे आजही बाहेरच आहेत.