ओबर्लिन पाळक आणि डोंगरांतील बालशाळा

फ्रान्स देशाच्या पूर्वेस व्होज नांवाचा पर्वत आहे. त्याच्या एका खडकाळ खोऱ्यास बां द ला रोश म्हणतात. अडीचशें वर्षांपूर्वीं तेथें पांच लहान गांवें व कांहीं वाड्या होत्या. वाट धड नव्हती, जमीन निकस आणि हिवाळा लांब. शाळेची तर कथाच निराळी. श्टुबर नांवाचे पाळक प्रथम तेथें आले, तेव्हां मुलांचे गुरुजी कोण, असें त्यांनीं विचारलें. लोकांनीं एक म्हातारा दाखविला. त्याच्यानें डुकरें राखणें होईना, म्हणून त्याला मुलें राखण्यास ठेविलें होतें, असें सांगतात! ही हकीकत वाचून आम्हांस आधीं हसूं आलें, मग लाजही वाटली. लहान मुलांचें काम कोणाच्याही गळ्यांत घालावें, ही समजूत त्या खोऱ्यापुरतीच नव्हती.

श्टुबरांच्या मागून इ. स. १७६७ मध्यें जोहान फ्रेडरिक ओबर्लिन वाल्डर्सबाख गांवीं पाळक होऊन आले. त्यांचा जन्म १७४० सालीं स्ट्रासबुर्ग शहरीं झाला होता. त्यांनीं नवें शाळागृह बांधण्याची गोष्ट काढतांच गांवकरी बिथरले. खर्चाचा बोजा गांवावर पडणार नाहीं, अशी हमी त्यांनीं पाळकांकडून घेतली, तेव्हांच काम सुरू झालें. पुढें रस्त्याच्या वेळींही तेंच. ओबर्लिन स्वतः कुदळ घेऊन खडक फोडूं लागले, तेव्हां एकेक जण मागून येऊं लागला. कांहीं वर्षांनीं इतर गांवांनीं मात्र आपण होऊन शाळा बांधल्या.

पण अगदीं लहान लेंकरांचें काय? आईबाप शेतावर गेले कीं तीं दिवसभर उघड्यावर भटकत. आमच्या वाडीवस्तीवरील वाचकांस हें दृश्य अनोळखी नाहीं. याचा उपाय पाळकांस पुस्तकांत सांपडला नाहीं. तो बेलमों गांवच्या सारा बान्झे या तरुणीच्या घरांत सांपडला. ती शेजारच्या मुलांना गोळा करून फुकट विणकाम शिकवीत असे. परक्याच्या पोरांसाठीं वेळ दवडणें तिच्या बापास आवडेना. त्याचें अगदींच चुकलें असें आम्हांस म्हणवत नाहीं. गरिबाच्या घरीं दोन हात म्हणजे भाकर. ओबर्लिन यांनीं तें जाणलें, आणि १७६९ सालीं करार करून साराला वेतनावर नेमिलें.

हिवाळ्यांत घरांतील ज्या उबदार खोलींत सारें कुटुंब बसे, तीच त्यांची शाळा. थोरलीं मुलें विणीत, धाकटीं खेळत. बाई त्यांना शास्त्रांतील गोष्टी सांगत, गीतें शिकवीत, झाडाझुडपांचीं चित्रें दाखवीत. वनस्पतीचें नांव आधीं गांवच्या बोलींत, मग फ्रेंचमध्यें. या कामासाठीं गांवच्याच मुली तयार करण्यांत पाळकांच्या पत्नी सालोमे झटत. फ्रोबेल यांनीं जर्मनींत बालशाळा काढली ती १८३७ सालीं, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षें मागून!

सारा १७७४ सालींच वारली. तिचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें. बेलफोस गांवची लुईझ शेप्लर ही पंधरा वर्षांची पोर पाळकांच्या घरीं कामास आली आणि बालशाळांच्या कामांत पडली. बर्फांतून ती गांवोगांव जात असे. सालोमेबाई वारल्यावर पाळकांचीं आईवेगळीं मुलें तिनेंच सांभाळलीं. पुढें तिनें पगार घेण्याचें सोडलें व मला आपली मुलगीच माना, एवढेंच मागितलें.

ओबर्लिन १८२६ सालीं निवर्तले. एकोणसाठ वर्षें त्यांनीं तें खोरें सोडलें नाहीं. तीन वर्षांनीं पॅरिसच्या फ्रेंच अकादमीनें लुईझला पांच हजार फ्रँकांचें पारितोषिक दिलें. तिनें तो पैसा बालशाळांच्याच कामीं लाविला.