पत्ते पिसणारे गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

डी. डी. कोसंबी हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतं ते इतिहासामुळे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे सीनियर्स तर त्यांच्या पुस्तकांची नावं घडाघडा सांगतात. पण हा माणूस पेशाने इतिहासाचा नव्हताच, गणिताचा प्रोफेसर होता. आणि १९५८ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी चक्क पत्ते पिसण्यावर रिसर्च पेपर छापला होता! आपल्या होस्टेलमध्ये रात्री दोन वाजता ज्या विषयावर भांडणं होतात, तोच विषय. पत्ते नीट पिसले की नाही? नशीब म्हणजे नेमकं काय? या प्रश्नाच्या आसपास कोसंबी आयुष्यभर फिरत राहिले, म्हणून त्यांची ही ओळख.

कोसंबींचं आपल्या वर्धा जिल्ह्याशी नातं आहे ते वडिलांमुळे. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे पंडित. घरदार सोडून ज्ञानासाठी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे फिरलेले. शेवटच्या काळात ते गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात राहायला आले आणि अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला. आपण सेवाग्रामला कितीदा जातो, पण ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. धर्मानंदांना हार्वर्ड युनिव्हर्सिटीत विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम मिळालं, तेव्हा १९१८ मध्ये ते मुलालाही अमेरिकेला घेऊन गेले. वय वर्षं अकरा! तिथेच शाळा झाली, आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी उच्च श्रेणीत मिळाली. मनात आणलं असतं तर अमेरिकेत करिअर करता आलं असतं. पण ते परत आले. आधी बनारस, मग आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाच्या बोलावण्यावरून अलीगढ, आणि १९३३ पासून पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, जिथे पूर्वी त्यांचे वडील पाली शिकवत होते. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं.

फर्ग्युसनमध्ये असताना कोसंबी स्टॅटिस्टिक्सकडे वळले. पुस्तकातली उदाहरणं सोडवण्यात त्यांना रस नव्हता, त्यांना खरा डेटा पाहिजे होता. मग त्यांनी काय करावं? त्यांनी तक्षशिलेला सापडलेली दोन हजार वर्षांपूर्वीची चांदीची नाणी वजन करायला घेतली. कल्पना साधी होती. नाणं हातोहात फिरतं, प्रत्येक वेळी किंचित झिजतं. एखादं नाणं किती झिजेल हे सांगता येत नाही, कारण ते कुणाच्या खिशात गेलं, किती वेळा फिरलं, सगळा योगायोग. पण हजार नाणी एकत्र घेतली तर सरासरी वजन कमी होत जातं आणि वजनांमधला फरक वाढत जातो, तोही नियमाने. त्यावरून कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवता येतं. पद्धत बरोबर आहे की नाही हे तपासायला त्यांनी चलनातली त्या काळची नाणीसुद्धा तोलून पाहिली. इथूनच गणिताचा हा प्रोफेसर इतिहासात शिरला, आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं.

आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, कम्युनिकेशन किंवा इमेज प्रोसेसिंग घेतलेल्यांना कार्हूनेन-लोएव्ह ट्रान्सफॉर्म शिकावा लागतो. रँडम सिग्नलला सुट्या सुट्या भागांत मोडून दाखवायची ही पद्धत. ती कोसंबींनी १९४३ मध्येच एका भारतीय जर्नलमध्ये मांडली होती, कार्हूनेन आणि लोएव्ह यांच्या आधी. जेनेटिक्समध्ये मात्र कोसंबी मॅपिंग फंक्शन त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये बोलावलं. घर पुण्यात, नोकरी मुंबईत, आणि रोजचा प्रवास डेक्कन क्वीनने! पत्त्यांचा तो पेपर याच काळातला.

त्यामागचं कारण असं. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीचे जे. बी. ऱ्हाइन पंचवीस पत्त्यांचा खास कॅट वापरून अतींद्रिय शक्तीचे प्रयोग करत होते. पाच चिन्हं, प्रत्येकाचे पाच पत्ते. समोरच्याने न बघता चिन्ह ओळखायचं. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर यायला पाहिजेत. त्याहून जास्त आले तर माणसात काहीतरी शक्ती आहे, असा दावा. कोसंबींनी नेमकं मुळावर बोट ठेवलं. हा सगळा हिशेब पत्ते पूर्ण मिसळले आहेत असं गृहीत धरून केलेला आहे. पण हाताने चारदोनदा पिसून पत्ते खरंच मिसळतात का? त्यांनी प्रत्यक्ष पिसून, मोजून बघितलं. निष्कर्ष असा की नेहमीच्या पिसण्याने आधीच्या क्रमाच्या खुणा बऱ्याच शिल्लक राहतात. मग जास्तीच्या अचूक उत्तरांचं श्रेय अतींद्रिय शक्तीला द्यायची घाई कशाला?

हे आपल्यालाही करून बघता येईल. पत्त्यांना १ ते ५२ नंबर द्या. कॅटचे दोन भाग करून फर्रर करत एकमेकांत घुसवा. आता बारकाईने पाहिलं तर त्यात चढत्या क्रमाच्या दोनच साखळ्या असतात. प्रत्येक वेळी पिसल्यावर त्या जास्तीत जास्त दुप्पट होतात. म्हणजे तीनदा पिसल्यावर फार तर ८. पूर्ण मिसळलेल्या कॅटमध्ये मात्र अशा साखळ्या सरासरी साडेसव्वीस असायला हव्यात. पाचदा पिसलं तरी ३२ च्या वर जाता येत नाही, म्हणजे काही क्रम येणंच अशक्य. पुढे १९९२ मध्ये बेयर आणि डायाकोनिस यांनी दाखवलं की साधारण सात वेळा तरी असं पिसायला हवं. हातातल्या हातात थोडे थोडे पत्ते वरखाली करायची आपली पद्धत तर फारच कच्ची, तिला हजारो वेळा लागतील.

मग खरा रँडमनेस असतो तरी कुठे? नाणं उडवलं तर त्याचा वेग आणि गिरकी माहीत असल्यास न्यूटनच्या नियमांनी उत्तर काढता येतं. आपल्याला ते माहीत नसतं, म्हणून आपण नशीब म्हणतो. २०२३ मध्ये संशोधकांनी ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली, तेव्हा सुरुवातीला वर असलेली बाजूच ५०.८ टक्के वेळा पुन्हा वर आली! अणूच्या जगात मात्र वेगळं चित्र आहे. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये मांडलेली कसोटी आणि नंतरचे प्रयोग (ज्यांना २०२२ चं नोबेल मिळालं) यांवरून दिसतं की कणांचे निकाल आधीच कणांसोबत लिहून ठेवलेले असतात ही समजूत टिकत नाही. बहुतेक शास्त्रज्ञ त्याला खरा रँडमनेस मानतात.

आता यात जुगाऱ्याचं काय? आपल्याकडच्या सट्टापट्टीचं मूळ कापसात आहे हे वऱ्हाड-वर्ध्याच्या माणसाला ऐकून गंमत वाटेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडताना आणि बंद होताना येणारे भाव, त्यावर मुंबईत पैसे लागायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. ते भाव येणं थांबल्यावर १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढणं सुरू झालं, नंतर पत्ते आले. एका आकड्याला भाव एकास नऊ, आणि आकडे तर दहा. म्हणजे हजार रुपये लावले की सरासरी नऊशे परत. कोसंबींच्या नाण्यांचंच बघा ना! एक नाणं किती झिजेल सांगता येत नाही, पण ढीग झिजणारच. खेळणाऱ्याचा एक दिवस सांगता येत नाही, वर्ष सांगता येतं.

पानटपरीवर चार्ट मांडून बसणाऱ्यांना वाटतं की मागच्या आकड्यांवरून पुढचा कळतो. १९१३ मध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा रंग आला. आता लाल येणारच म्हणून लोकांनी लाखो घालवले. सोडत खरंच रँडम असेल, तर चार्ट निरुपयोगी आणि दहा टक्के जाणारच. सोडत रँडम नसेल, तर त्यातली मेख आकडा काढणाऱ्याला माहीत असते, लावणाऱ्याला नाही. दोन्हीकडून आपणच मरतो. मोबाईलवरच्या पैशांच्या गेम्समध्येही हेच घडत होतं, म्हणून २०२५ मध्ये त्यांच्यावर बंदीचा कायदा करावा लागला.

कोसंबींच्या आयुष्याचा शेवटचा भाग मात्र वाचताना वाईट वाटतं. मूळ संख्या अगदी ठरलेल्या असतात, तरी त्या विखुरलेल्या दिसतात रँडमसारख्या. त्यांच्यावर संभाव्यतेचं गणित लावून रीमान हायपोथिसिस सिद्ध केल्याचा दावा त्यांनी १९५९ मध्ये केला, तोही कृषी स्टॅटिस्टिक्सच्या जर्नलमध्ये. गणितज्ञांनी ती सिद्धता मानली नाही. रँडमसारखं दिसणं आणि रँडम असणं यात फरक असतो, हे पत्त्यांच्या बाबतीत जगाला सांगणारा माणूस इथे त्याच फटीत अडकला. त्यांच्या नावाला धक्का बसला, आणि १९६२ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटमधली नोकरीही संपली. पण ते बसून राहिले नाहीत. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, लेणी, गावदेवता पायी हिंडून बघत राहिले, लिहीत राहिले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं, वय अवघं ५८. २००८ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

कोसंबींकडून घेण्यासारखं एकच सांगायचं तर, कुणी नशीब म्हणालं की आधी मोजून बघा. मग ते इंटर्नलचे मार्क असोत, कॅम्पस इंटरव्ह्यू असो की मेंढीकोटचा डाव. आणि हो, पत्ते सात वेळा पिसा. पैसे लावू नका!