छंदातून साकारलेली हवाई सेवा : जे. आर. डी. टाटा

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी एक जुने, एका इंजिनाचे 'लेपर्ड मॉथ' विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. विमानात वैमानिकाखेरीज कोणी नव्हते आणि त्या वैमानिकाचे वय ७८ वर्षांचे होते. बरोबर ५० वर्षांपूर्वी, १९३२ साली, याच दिवशी आणि याच मार्गाने त्यांनी भारताच्या पहिल्या नियमित हवाई टपाल सेवेचे विमान आणले होते. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, अर्थात जे. आर. डी., यांनी १९६२ सालीही या उड्डाणाची पुनरावृत्ती केली होती. नव्या पिढीत विमानोड्डाणाची ओढ पुन्हा जागी व्हावी, हा त्यामागील हेतू होता.

जे. आर. डी. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा पारशी, तर आई सुझान फ्रेंच होत्या. घरात फ्रेंच बोलली जात असल्याने तीच त्यांची पहिली भाषा ठरली. उत्तर फ्रान्समधील हार्दलो या समुद्रकिनारी टाटा कुटुंबाचे सुट्टीतील घर होते आणि शेजार होता लुई ब्लेरिओ यांचा. विमानाने इंग्लिश खाडी प्रथम ओलांडण्याचा पराक्रम १९०९ साली करणारे ते हेच ब्लेरिओ. किनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहत लहानग्या जहांगीरच्या मनात आकाशाचे वेड रुजले. वयाच्या १५ व्या वर्षी त्याच किनाऱ्यावर त्यांना विमानातून एक फेरी मारता आली. वैमानिक होण्याचा त्यांचा निश्चय तेव्हाच झाला. मात्र त्यासाठी त्यांना जवळजवळ १० वर्षे थांबावे लागले.

१९२५ च्या अखेरीस ते मुंबईत टाटा समूहात बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाची जबाबदारी तरुण खांद्यांवर आली. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होताच मात्र त्यांनी विलंब केला नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेल्या या परवान्यावर क्रमांक होता १.

इंग्लंड ते भारत हा प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. कोणत्याही बाजूने निघण्याची मुभा असल्याने मे १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून लंडनकडे झेपावले. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ त्यांना उलट दिशेने येणारे किशोरवयीन प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर भेटले. स्पार्क प्लगअभावी ते तेथे अडकून पडले होते. जे. आर. डी. यांनी आपल्याजवळील जादा प्लग त्यांना देऊन टाकले. पारितोषिक अस्पी यांनी जिंकले आणि अंतर अवघ्या काही तासांचे होते. हेच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० साली भारताचे हवाई दलप्रमुख झाले. शर्यत हरल्याची खंत जे. आर. डी. यांनी कधी बाळगली असे दिसत नाही.

छंदाचे व्यवसायात रूपांतर होण्यास कारणीभूत ठरले नेव्हिल व्हिन्सेंट. ब्रिटिश हवाई दलातील या माजी वैमानिकाने लंडनहून कराचीपर्यंत येणारे टपाल पुढे मुंबई व मद्रासला विमानाने नेण्याची योजना मांडली. समूहाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा प्रारंभी फारसे उत्सुक नव्हते. अखेर २ लाख रुपयांच्या भांडवलास त्यांनी संमती दिली. पहिले उड्डाण पाहण्यास मात्र ते हयात राहिले नाहीत. सेवेच्या दिमतीला दोन 'पस मॉथ' विमाने होती. रेडिओ नाही, दिशादर्शक साधने नाहीत, पक्क्या धावपट्ट्याही नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघालेले हे विमान अहमदाबादला थांबले, तेव्हा त्याच्यासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले होते. मुंबईहून टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले ते व्हिन्सेंट यांनी. पावसाळ्यात जुहूचा तळ पाणी व चिखलाने निकामी होई आणि साऱ्या सेवेचा मुक्काम पुण्यात येरवड्याला हलवावा लागे. एखादा धाडसी प्रवासी टपालाच्या थैल्यांवर बसून प्रवास करी. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी सुमारे १ लाख ६० हजार मैल अंतर कापले आणि १५५ प्रवासी नेले.

१९३८ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, जे. आर. डी. टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, रसायने अशा अनेक उद्योगांची धुरा त्यांच्याकडे आली. मन मात्र विमानातच रमत असे. १९४२ साली युद्धकाळात विमान पाडले जाऊन व्हिन्सेंट यांचा अंत झाला. १९४६ साली 'टाटा एअरलाइन्स'चे 'एअर इंडिया'त रूपांतर झाले आणि ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला रवाना झाले. त्या विमानात जे. आर. डी. स्वतः होते.

पाचच वर्षांत हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांचा या निर्णयास स्पष्ट विरोध होता. तरीही आंतरराष्ट्रीय सेवा चालविणाऱ्या महामंडळाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि तब्बल २५ वर्षे मानधनाविना सांभाळले. प्रवासात ते सतत टिपणे काढत. पडद्यांचा रंग, काउंटरवरील धूळ, एवढेच नव्हे तर चहा आणि कॉफी यांच्या रंगातील साम्यही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. या चिकित्सेने अधिकारी धास्तावत असतील, पण त्या काळात एअर इंडियाची गणना जगातील उत्तम विमान कंपन्यांत होत होती, हेही तितकेच खरे.

१ जानेवारी १९७८ रोजी 'सम्राट अशोक' हे जंबो जेट वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जे. आर. डी. यांना अध्यक्षपदावरून दूर केले. ही बातमी त्यांना सरकारकडून नव्हे, तर त्यांच्या जागी नियुक्त झालेले निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडून समजली. हातांनी उभारलेल्या संस्थेतून असे बाहेर पडणे त्यांच्या जिव्हारी लागले. १९८० साली इंदिरा गांधी यांच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले आणि १९८६ पर्यंत ते मंडळावर राहिले. १९८२ चे ते एकट्याचे उड्डाण याच काळातले.

१९९२ साली त्यांना 'भारतरत्न' हा सर्वोच्च सन्मान प्रदान करण्यात आला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांचे पार्थिव विसावले आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे सोपविण्यात आली.