थोरांची ओळख : नॉर्मन लॉकियर

मी आज नॉर्मन लॉकियर यांची माहिती सांगते. सूर्यातला एक नवा वायू त्यांनी ओळखला.

त्यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. पुढे ते लंडनला सरकारी कचेरीत कारकून झाले. कचेरी सुटली की दुर्बिणीतून आकाश बघायचं, हा त्यांना नादच होता.

चुलीत चिमूटभर मीठ पडलं की जाळ पिवळा होतो. तो रंग मिठातल्या सोडियमचा. गुराखी जसा खुणेवरून आपली गुरं ओळखतो, तसे शास्त्रज्ञ रंगीत रेघांवरून मूलद्रव्य ओळखतात. २० ऑक्टोबर १८६८ रोजी लॉकियर यांनी इंग्लंडातूनच सूर्याच्या कडेचा उजेड तपासला. त्यात एक पिवळी रेघ दिसली. ती सोडियमच्या रेघेजवळ होती, पण सोडियमची नव्हती. ज्याची ती रेघ, त्या वायूला हेलियम नाव मिळालं. ग्रीक भाषेत हेलिऑस म्हणजे सूर्य.

पण पुष्कळ शास्त्रज्ञांना हे पटेना. सूर्यातला वायू आणून दाखवणार कसा? अशी २७ वर्षं गेली. मग १८९५ साली रॅम्झे यांना एका खनिजात तोच वायू सापडला. तेव्हा सगळ्यांना पटलं.

आपल्या महाराष्ट्रात विजयदुर्ग किल्ला आहे. हेलियमचा शोध तिथंच लागला, असं पुष्कळ जण सांगतात. पण सालं ताडून पाहा. शोध १८६८ चा, आणि लॉकियर साहेब विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला. मधे ३० वर्षं गेली. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्या किल्ल्यावर आला, हाही काही लहान मान नाही.

हेलियम हा निष्क्रिय वायू आहे. निऑन आणि अरगॉन त्याचे सोबती. हेलियमला रंग नाही, वास नाही, आणि तो दुसऱ्या मूलद्रव्यात सहसा मिसळत नाही. तो हवेपेक्षा लई हलका असतो, म्हणून त्याचा फुगा वर जातो. हायड्रोजनचा फुगाही वर जातो, पण तो पेट घेतो. हेलियम पेटत नाही.

लॉकियर १६ ऑगस्ट १९२० रोजी वारले. कारकुनी करता करता त्यांनी एवढा अभ्यास केला. आपणही कामधंदा सांभाळून शिकू शकतो, हे मला त्यांच्यापासून कळलं.

– इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, ता. वैजापूर