विमानात पेट्रोल होतं, पण कॉक पाठीमागे होता... 'कंट्री रोड्स'वाल्या जॉन डेन्व्हरचा शेवट असा झाला

हॉस्टेलवर गिटार शिकणाऱ्या पोराला चार कॉर्ड जमल्या की तो जी इंग्रजी गाणी हमखास वाजवतो, त्यात 'टेक मी होम, कंट्री रोड्स' असतंच. गाणं सगळ्यांना माहीत. ते गाणारा जॉन डेन्व्हर कशामुळे गेला, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

विमान अपघात, एवढं ऐकलेलं असतं. पण त्या अपघातामागे होता पेट्रोलचा एक साधा कॉक आणि टाकीतलं माप दाखवणारी, आकडे नसलेली काच.

त्याचं खरं नाव हेन्री जॉन डॉइशेनडॉर्फ ज्युनियर. जन्म ३१ डिसेंबर १९४३, गाव न्यू मेक्सिकोतलं रॉसवेल. वडील अमेरिकन हवाई दलात. साधेसुधे पायलटही नाहीत, बी-५८ हसलर या बॉम्बर विमानावर वेगाचे विक्रम केलेले. सतत बदल्या, त्यामुळे पोराला ना धड गाव मिळालं ना टिकणारे मित्र. वडील कडक, माया बोलून दाखवणारे नव्हेत. आजीने मात्र तिची जुनी गिब्सन गिटार नातवाला दिली आणि पोराला सोबत मिळाली.

टेक्सासमध्ये आर्किटेक्चर शिकायला गेला, ते अर्धवट सोडून लॉस एंजेलिस गाठलं. एवढं लांब आडनाव पोस्टरवर मावणार कसं? म्हणून आवडत्या कोलोरॅडो राज्याच्या राजधानीचं नाव लावलं, डेन्व्हर. त्याने लिहिलेलं 'लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन' दुसऱ्यांनी गायलं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत एक नंबरवर गेलं. १९७१ मध्ये 'कंट्री रोड्स' आलं. १९७४ मध्ये बायकोसाठी लिहिलेलं 'ॲनीज साँग' आलं, तेही एक नंबर. गोल चष्मा, सोनेरी केस आणि डोंगरदऱ्यांची गाणी. सत्तरच्या दशकात अमेरिकेत घरोघरी हा माणूस ऐकला जात होता.

पैसा आला तसं विमानाचं वेड बाहेर आलं. लिअरजेट घेतलं आणि ते उडवायला शिकवलं कुणी, तर वडिलांनीच. जे बाप-लेक घरात नीट बोलू शकले नाहीत, त्यांचं कॉकपिटमध्ये जमलं.

नव्वदच्या दशकात गाणी चार्टवरून उतरली होती. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या दोन केस झाल्या आणि त्यावरून विमान खात्याने त्याचं मेडिकल सर्टिफिकेट अमान्य ठरवलं. म्हणजे नियमाने त्याला विमान उडवायची परवानगी नव्हती. उडवणं मात्र थांबलं नाही. २,७०० तासांहून जास्त अनुभव असलेला पायलट होता तो.

१९९७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने लाँग-ईझी जातीचं एक विमान विकत घेतलं. बर्ट रुटान या डिझायनरच्या नकाशावरून हौशी लोक हे विमान घरच्या शेडमध्ये बनवतात. फोम आणि फायबरग्लासचं अंग, पुढे छोटा पंख, इंजिन मागे. अशा विमानांवर 'एक्सपेरिमेंटल' असं लिहावं लागतं आणि बनवणाऱ्याला त्यात बदल करायची मुभा असते.

गडबड इथेच होती.

लाँग-ईझीच्या दोन टाक्या, डाव्या आणि उजव्या पंखाच्या मुळाशी. इंजिनला एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल जातं. ती संपत आली की कॉक फिरवून दुसरी लावायची. जुन्या स्प्लेंडरवर चालत्या गाडीत डावा हात खाली घालून 'रिझर्व्ह' लावलेल्यांना हे लगेच कळेल. मूळ नकाशात हा कॉक पायलटच्या दोन पायांमध्ये होता. पेट्रोलच्या नळ्या माणसाजवळून जायला नकोत म्हणून बनवणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेला. त्यावर खुणा नव्हत्या. त्यात डाव्या टाकीसाठी दांडा उजवीकडे, उजव्या टाकीसाठी खाली आणि वर केला की बंद!

पेट्रोल किती आहे हे बघायची काचही मागच्या सीटजवळ, तीही आकड्यांशिवाय. बरं, हे विमान नाक जमिनीला टेकवून उभं करतात. टाकी तिरकी, आकारही चौकोनी नाही. त्यामुळे काचेत पाव दिसलं म्हणजे पाव टाकी भरलेली आहे, असं धरता येत नाही.

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार. कॅलिफोर्नियातलं माँटेरे विमानतळ. विमान ताब्यात येऊन जेमतेम एक दिवस झालेला. मेकॅनिकने मागचं दिसावं म्हणून आरसा दिला. कॉकपर्यंत हात पुरत नव्हता म्हणून दांड्याला पकड लावून बघितली, तीही जमली नाही. उजव्या टाकीत अर्ध्याहून कमी, डावीत पावाहून कमी, असा अंदाज निघाला. तासाभराचंच उड्डाण आहे म्हणून डेन्व्हरने पेट्रोल भरून घेतलं नाही.

तो सव्वापाचच्या आधी निघाला. धावपट्टीवर तीनदा चाकं टेकवून पुन्हा वर गेला, मग समुद्राकडे वळला. किनाऱ्यावरच्या लोकांना इंजिनचा आवाज बदललेला ऐकू आला. विमान काही शे फुटांवरून सरळ पाण्यात गेलं. वय होतं ५३. दारू किंवा ड्रग्जचा अंशही रक्तात सापडला नाही.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तसंच विमान आणि माणसं घेऊन प्रयोग केला. कॉक फिरवायचा तर उजवा हात स्टिकवरून काढायचा, अंग मागे पिळायचं आणि हात डाव्या खांद्यावरून न्यायचा. अंग पिळताना आधारासाठी उजवा पाय आपोआप रडरच्या पेडलवर दाबला जातो आणि विमान वळून कलतं. उंची कमी असेल तर सावरायला वेळच नाही. १९९९ च्या अहवालात हेच कारण आलं. सोबत पेट्रोल न भरणं, नव्या विमानाचा अपुरा सराव, चुकीच्या जागी बसवलेला बिनखुणांचा कॉक आणि बिनआकड्यांची काच, हेही दोष नोंदवले गेले. मेडिकल सर्टिफिकेटचा कागद जवळ असता तरी कॉक खांद्यामागेच असता, हेही खरं.

घरी विमान बनवणारे आज ही काच काढून किंवा तिच्या जोडीला टाकीत कपॅसिटिव्ह सेन्सर बसवतात. एकात एक दोन नळ्या असतात. त्यांच्यामध्ये पेट्रोल आहे की हवा, त्यानुसार विद्युत धारिता बदलते आणि डोळ्यांसमोरच्या पॅनेलवर आकडा येतो. पाणबुड्यासारखा तरंगणारा फ्लोट नाही, त्यामुळे अडकायची भीती नाही. पण नुसता सेन्सर बसवून भागत नाही. विमान उडताना असतं तसं सपाट ठेवायचं, रिकाम्या टाकीत मोजून थोडं-थोडं पेट्रोल ओतायचं आणि प्रत्येक वेळचं रीडिंग नोंदवायचं. हे काम डाव्या टाकीसाठी वेगळं, उजवीसाठी वेगळं. एक सुट्टीचा दिवस त्यात जातो.